अर्धी राहिलेली गोष्ट

(महिला गटांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)

आज बियाणं नाही, बँकेचा हप्ता नाही, फवारणी नाही. आज गोष्टीवर बोलू. तीही अर्धी राहिलेल्या गोष्टीवर. सांगणारा मध्येच थांबतो आणि ऐकणारी म्हणते, “थांबलात का? मग पुढं तिचं काय झालं?” हा प्रश्न वाटतो तेवढा रिकामटेकडा नाही. आपल्या भागातल्या बायांनी तो शेकडो वर्षं विचारलाय. त्यातून काय काय निघालं, ते आज बघू.

बाहुबली आठवतो ना? १० जुलै २०१५ ला पहिला भाग आला. शेवटी म्हातारा कटप्पा सांगतो, बाहुबलीला मारणारा मीच. आणि सिनेमा संपला! दुसरा भाग आला २८ एप्रिल २०१७ ला. मधली पावणेदोन वर्षं अख्खा देश एकच विचारत होता, कटप्पानं बाहुबलीला का मारलं? एसटीत तेच, लग्नाच्या मांडवात तेच. ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता तेसुद्धा विचारत होते.

लोक तर्क कसे करत होते, तेवढं नीट बघा. तर्काच्या तीन तऱ्हा असतात.

पहिली खुणेची. सांगणाऱ्यानं आधी कुठं काय सुचवून ठेवलंय, ते शोधायचं. कटप्पा सिंहासनाला वचनानं बांधलेला, हे पहिल्याच भागात सांगितलं होतं. म्हणून काही जण म्हणायचे, त्याला कुणीतरी हुकूम दिला असणार. दुसरी तऱ्हा स्वभावाची. हा माणूस असा आहे, मग तो असंच वागेल. आणि तिसरी न्यायाची. म्हणजे काय होईल हे नाही, तर काय व्हायला पाहिजे. ऐकणारीचं मन खरं दिसतं ते या तिसऱ्या तऱ्हेत.

त्या दिवसांत आमच्याकडं कांद्याची लागवड चाललेली. वाफ्यात ओणवं होऊन बाया रोपं लावत होत्या आणि बोलणं सिनेमाचं. पण कटप्पा राहिला बाजूला, विषय देवसेनेचा. पंचवीस वर्षं चौकात साखळदंडानं बांधलेली ती राणी, भल्लाळदेवाच्या चितेसाठी एकेक काटकी गोळा करणारी. एक बाई म्हणाली, “सोडवून आणली, पण आता तिला घरात मान कोण देणार?” दुसरी म्हणाली, “ती काटक्या वाया जाऊ देणार नाही, बघ.” दुसरीचं खरं ठरलं, शेवटी त्याच चितेवर भल्लाळदेव जळाला. पण माझ्या ध्यानात राहिली पहिली. ती स्वतः दोन वर्षं माहेरी राहून पुन्हा नांदायला आलेली होती. तिनं देवसेनेचं नाव घेऊन स्वतःचा प्रश्न विचारला होता. तिला कुणी उलटून काही बोललं नाही, कारण बोलणं सिनेमाचं चाललं होतं.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेत जॉर्ज मार्टिन नावाचे लेखक आहेत. एका सिंहासनासाठी भांडणाऱ्या राजघराण्यांची मोठी कथा ते लिहितात. त्यात राक्षसी सर्प आहेत, जादू आहे, बर्फातून चालत येणारी मढी आहेत. पहिलं पुस्तक १९९६ ला आलं, पाचवं २०११ ला. एकूण सात करायचं ठरलंय, पण सहावं काही अजून आलेलं नाही. पाचव्याच्या शेवटी एका तरुण सरदाराला त्याचीच माणसं सुऱ्यांनी भोसकतात. तो मेला की वाचला, यावर जगभरचे वाचक पुस्तकांची पानं पुन्हा पुन्हा चाळतात. त्या कथेवर टीव्ही मालिका झाली. ती पुस्तकांच्या पुढं निघून गेली आणि २०१९ ला आपला शेवट करून मोकळी झाली. पुष्कळांना तो पटला नाही. त्यांनी मनात आपापला शेवट आधीच करून ठेवला होता.

आता म्हणाल, ही आजकालची खुळं आहेत. तर चला, गोदावरीकाठी जाऊ. आपल्या शेवगाव तालुक्याच्या पलीकडच्या काठाला पैठण. नाथषष्ठीला तुमच्यातल्या कितीतरी जणी दिंडीबरोबर चालत गेल्या असतील. एकनाथ महाराजांचं शेवटचं मोठं काम म्हणजे भावार्थ रामायण. आख्खं रामायण मराठी ओवीत. आणि ते त्यांच्या हातून अर्धंच राहिलं.

बालकांडापासून सुंदरकांडापर्यंत पाच कांडं झाली. सहावं युद्धकांड सुरू झालं. त्याचे ४४ अध्याय नाथांनी लिहिले. आणि १५९९ साली, फाल्गुन वद्य षष्ठीला, त्यांनी देह ठेवला. जरा डोळ्यांसमोर आणा. लंकेत युद्ध पेटलेलं, रावण अजून जिवंत, सीता अजून अशोकवनात बसलेली. आणि ग्रंथ थांबला.

तुम्ही म्हणाल, रामायण तर सगळ्यांना ठाऊक, त्यात पुढं काय होणार याची कसली काळजी? पण गोष्ट ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या माणसाच्या तोंडून, आपल्या बोलीत ती पुरी ऐकणं वेगळं. नाथांचा राम कसा बोलेल, त्यांची सीता रामापुढं आली की काय म्हणेल, हे कुणाला ठाऊक होतं?

मग तो ग्रंथ पुरा कुणी केला? गावबानं. नाथांच्या घरी राहणारा हा शिष्य. त्याची गोष्ट कीर्तनकार रंगवून सांगतात. लहानपणी त्याला रोज पुरणपोळी लागायची. गरीब आई रोज कुठून घालणार? तिनं पोराला नाथांच्या घरी आणून सोडलं. अभ्यासात त्याचं डोकं चालेना, साधा मंत्र पाठ होईना, तोंडी एकच शब्द, एकनाथ. आणि लोकांनी नाथांना विचारलं, रामायण पुरं कोण करणार, तर नाथ म्हणाले, हा करील. लोक हसले असतील. त्यांनी मनाशी किती पंडितांची नावं धरली असतील! पण उरलेलं युद्धकांड आणि पुढचं उत्तरकांड गावबाच्याच नावावर आहे.

आता यातला एक बारकावा सांगते. हेच एकनाथ महाराज, यांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरी म्हणजे आपल्या नेवाशाची. १२९० साली तिथंच ती सांगितली गेली, तो खांब अजून आहे. मधल्या तीनशे वर्षांत उतरवून घेणाऱ्यांनी तिच्यात आपापल्या ओव्या घुसवल्या होत्या. नाथांनी निवडून पाठ स्वच्छ केला आणि शेवटी बजावलं की यात कुणी आपली ओवी घातली, तर ते अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवल्यासारखं होईल. म्हणजे दुसऱ्याच्या पुऱ्या झालेल्या ग्रंथाला हात लावू नका म्हणणारे हे, आणि स्वतःचा अर्धा ग्रंथ मात्र पुरणपोळीवाल्या पोराच्या हाती देणारे हेच! यात विरोध नाही. पुरी झालेली गोष्ट सांगणाऱ्याची असते, तिच्यात भेसळ करू नये. अर्धी राहिलेली गोष्ट पुढं नेण्यासाठी असते. मात्र ती कुणाच्या हाती द्यायची, याला महत्त्व आहे.

अमेरिकेतही असंच एकदा झालं. रॉबर्ट जॉर्डन नावाचे लेखक मोठी अद्भुत कथा अर्धी ठेवून २००७ ला वारले. जाताना पुढच्या कथेची टिपणं ठेवून गेले. त्यांची पुस्तकं तपासणारी त्यांची बायकोच होती. तिनं एक तरुण लेखक निवडला. त्यानं आणखी तीन पुस्तकं लिहून २०१३ ला कथा पुरी केली. नवरा गेल्यावर त्याची गोष्ट कुणाच्या हाती द्यायची, हे त्या बाईनं ठरवलं.

आता वळू सीतेकडं. आपल्या जिल्ह्याचा तिच्याशी जुना संबंध सांगतात. अकोल्यात प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. वनवासात राम, लक्ष्मण, सीता तिथं आले होते, असं लोक मानतात. गावच्या सप्त्यात रामकथा बसते, तेव्हा ती पुष्कळ ठिकाणी राज्याभिषेकाला संपते. राम गादीवर, सीता शेजारी, पेढे वाटा. पण बायांनी ती तिथं संपवलीच नाही. त्यांनी विचारलं, मग पुढं तिचं काय झालं?

पुढचं उत्तर ग्रंथात आहेच. उत्तरकांडात लोकापवाद उठतो, राम गरोदर सीतेला वनात सोडतो. पण बायांना ते थोडक्यात आटपलेलं वाटलं असावं. त्यांनी जात्यावर बसून आपलं सांगणं सुरू केलं. पहाटे तीनला उठून, एका हातानं खुंटा ओढत, एकीनं एक ओळ म्हणायची, दुसरीनं दुसरी. त्या ओव्यांत सीता कुठं थांबली, तहान लागली तेव्हा पाणी कुणी दिलं, बाळंतपण कुणी केलं, पाळणा कशाचा केला, लहू-अंकुशाला कुणी न्हाऊ घातलं, हे सगळं आहे. ग्रंथकर्त्यांना या गोष्टी सुचल्या नाहीत. बाळंतीण रानात पडली तर तिला गरम पाणी कोण देतं, हा प्रश्न जिला बाळंतपण ठाऊक, तिलाच पडतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसोबत खेड्यापाड्यांत फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या खूप आहेत. काही ओव्यांत तर सीता म्हणते की माझा वनवास मी कणाकणानं वाटून टाकला, गावोगावच्या बायांना थोडा थोडा दिला. म्हणजे प्रत्येकीच्या घरात सीतेच्या दुःखाचा मोहरीएवढा तुकडा आहे. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, पण ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. तुमच्या गावात असतील तर मोबाइलवर त्यांचा आवाज धरून ठेवा. त्यांनी होय म्हटल्यावरच, बरं का.

आता एक लोककथा, तुमच्या आजीनं सांगितली असेल. सीता अयोध्येला परत आलेली. कैकेयी गोड बोलून म्हणते, “रावण कसा होता गं? चित्र काढून दाखव.” सीता म्हणते, “मी त्याच्याकडं मान वर करून कधी बघितलंच नाही. पायाचा अंगठा तेवढा दिसला.” कैकेयी म्हणते, मग अंगठाच काढ. सीता अंगठा काढते आणि जाते. मागं कैकेयी त्या अंगठ्यावरून सगळा रावण रंगवते आणि रामाला दाखवते, बघ, तुझी बायको कुणाचं चित्र काढत बसते! झाला वनवास सुरू.

आजच्या बोलण्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करण्याच्या दोन रीती आपल्या बायांना ठाऊक होत्या. एक रीत जात्यावरची. त्यांनी सीतेच्या जागी स्वतःला ठेवलं आणि विचारलं, हिला आता काय लागेल? पाणी, सावली, सुईण. दुसरी रीत कैकेयीची. जेवढं दिसलं त्यावरून बाकीचं मनानं रंगवायचं, आणि तेच खरं म्हणून दाखवायचं.

आपण गावात कोणती रीत चालवतो? एखादी सून पोरं घेऊन माहेरी येते. सोबत एक पिशवी. बसस्टँडवर चार जणींनी पाहिली. झालं! संध्याकाळपर्यंत चित्र पुरं. नांदली नसेल, तोंडाळ असेल, बाहेर काहीतरी असेल. पाहिला फक्त अंगठा, आणि रावण अख्खा रंगवून तयार. ते चित्र मग तिच्या पोरांच्या शाळेपर्यंत पोचतं, रोजगाराच्या टोळीपर्यंत पोचतं. देवसेनेचं काय होईल याचा तर्क कितीही करा, तिचं काही बिघडत नाही. गल्लीतल्या बाईवर केलेला तर्क तिच्या ताटातली भाकरी काढून घेतो.

जात्यावरची रीत खऱ्या आयुष्यात आणता येते का? येते. दोन ठिकाणं सांगते.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरी गाव आहे. तिथं एकट्या सीतेचं देऊळ आहे. तिथले लोक सांगतात, वनात सोडलेली सीता इथं आली, लेकरांसाठी गावात पसाभर गहू मागितला, कुणी दिला नाही. तिनं शाप दिला की इथं गहू पिकणार नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या पडक्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. त्यांच्याच संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली होती. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या, असं ती शेतकऱ्याला सांगत होती, आणि पुष्कळांनी करून दिला. सीतेच्या नावावर वावर असतं तर तिला पसाभर गव्हासाठी दारोदार जावं लागलं असतं का? न्यायाचा तर्क असा सातबाऱ्यापर्यंत जातो.

दुसरं ठिकाण आपल्याच जिल्ह्यातलं, संगमनेर. तिथल्या वकील निशा शिवूरकर आणि त्यांच्या सोबतिणींनी १९८० च्या दशकापासून नवऱ्यानं टाकलेल्या बायांचा लढा उभा केला. त्यावर त्यांचं पुस्तकही आहे, ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’. पोटगी, स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, राहायला जागा, हे साधे प्रश्न त्यातून पुढं आले. तिला टाकलं का, यावर गावं चित्रं रंगवत होती, तेव्हा या बाया विचारत होत्या, आता हिला काय लागेल?

पोटगीचा हक्क कायद्यात आहे. आधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होता. १ जुलै २०२४ पासून तोच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली आहे. बाईला सरकारकडून मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडं अर्ज करायचा. गटातल्या एकीनं तिच्यासोबत जायचं, एवढंच.

आता गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या झाल्या की पंधरा मिनिटं ठेवा. सगळ्या जणी बघतात अशी एखादी मालिका घ्या, नाहीतर सीतेचीच गोष्ट घ्या. आज जिथं ती थांबली आहे तिथून तीन प्रश्न विचारा. पहिला, पुढं काय होईल आणि ते कोणत्या खुणेवरून वाटतं? दुसरा, त्या बाईचा स्वभाव बघता ती काय करील? तिसरा, काय व्हायला पाहिजे? तिसऱ्या प्रश्नावर कुणाला घाई करू नका. जी कधी बोलत नाही, ती कदाचित इथं बोलेल. आणि ती बोलली, तर “हे तुझंच आहे का गं?” असं मुळीच विचारायचं नाही. तिनं सीतेचं नाव घेतलंय ना, मग सीतेचंच ऐकायचं. तिला स्वतःचं सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल.

एक पथ्य मात्र सगळ्या गटानं पाळायचं. मालिकेतली बाई, सिनेमातली बाई, पुराणातली बाई, हिच्यावर तर्क मनसोक्त. गावातल्या बाईवर तर्क बंद. तिच्याबद्दल बोलायचंच असेल तर एकच प्रश्न, तिला आत्ता काय लागतंय? आणि तोही तिलाच विचारायचा.

गावबाबद्दल मला नेहमी वाटतं, त्यानं ४५ वा अध्याय लिहायला घेतला तेव्हा त्याचा हात थरथरला असेल. पुढ्यात नाथांचे शब्द, मागं हसणारे लोक, आणि अशोकवनात वाट बघणारी सीता. पण तो थांबला असता तर ती तिथंच बसून राहिली असती.

तर बायांनो, पुढच्या बैठकीत कोणती गोष्ट घेतली आणि तिसऱ्या प्रश्नाला काय उत्तरं आली, ते आपल्या केंद्रावर कळवा. नावं कळवू नका, उत्तरं कळवा. आम्ही ती वाचून दाखवू. चला, दिवे लागणीची वेळ झाली, गुरंही वाट बघत असतील. राम राम.